हजारात बावीस: एका रक्तनमुन्याचं प्रकरण

स्लाइडवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. हा सातवा होता. मोजणारीने पहिल्या हजार पेशी संपवल्या, काउंटर बाजूला ठेवला आणि म्हणाली, "सर, जरा येता का? सातव्यात फारच सापडायला लागलेत."

मी भिंगाला डोळा लावला. तेलाचा थेंब, हजार पट मोठं झालेलं दृश्य. एकाच पेशीत दोन जांभळी केंद्रकं शेजारी शेजारी, सारख्याच आकाराची, एकमेकांना जेमतेम टेकलेली. खालच्या केंद्रकापासून थोडा दूर एक गोल ठिपका. रंग तोच, पोत तोच, कडा स्वच्छ. फोकस किंचित वरखाली करून पाहिला. धूळ किंवा रंगाचा कण असता तर चमकला असता, हा चमकेना. व्यास मुख्य केंद्रकाच्या सोळाव्या भागाहून मोठा, एक तृतीयांशाहून लहान. म्हणजे हा मोजायचा: मायक्रोन्यूक्लियस, पेशीतल्या गुणसूत्रांच्या गडबडीची खूण. स्लाइड थोडी सरकवली तर आणखी एक. मग एका पेशीत दोन.

पहिल्या हजारात २१ निघाले. दुसरे हजार दुसऱ्या व्यक्तीने मोजले, तर २३. सरासरी हजारात २२. त्या गटातल्या बाकी नऊ जणांचा आकडा ५ ते १२ च्या आत होता.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. त्यातली माणसं आणि त्यांचे आकडे कल्पित आहेत. तपासण्यांची रीत, जीवशास्त्र आणि बाहेरच्या संशोधनाचे आकडे खरे आहेत. अशा तपासण्या करणाऱ्या कुणालाही हा पेच ओळखीचा वाटेल.

नमुने आले होते एका रुग्णालयाच्या औषध मिसळण्याच्या खोलीतून. तिथे कॅन्सरची इंजेक्शनं तयार होतात. औषध ज्या बंदिस्त कपाटात मिसळतात त्यातली हवा बाहेर फेकणारी यंत्रणा नीट चालत नाही अशी कर्मचाऱ्यांची तक्रार होती आणि कुणीतरी सुचवलं की सगळ्यांच्या रक्ताची तपासणी करून बघा. त्या खोलीतले दहा जण, तुलनेसाठी कार्यालयात बसणारे दहा जण. प्रत्येकाकडून हिरव्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत रक्त घेतलं, एक प्रश्नावली भरून घेतली, आणि क्रमांक घालून नमुने आमच्याकडे आले. कोण खोलीतलं आणि कोण कार्यालयातलं, हे मोजणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

ठिपका येतो कुठून

मायक्रोन्यूक्लियस, म्हणजे सूक्ष्मकेंद्रक, हा पेशीविभाजनाच्या वेळी मागे राहिलेला माल आहे. पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात. ओढायची दोरी गुणसूत्राच्या कमरेला, सेंट्रोमियरला बांधलेली असते. गुणसूत्राचा तुकडा पडला आणि त्या तुकड्यात सेंट्रोमियर नसला, तर त्याला दोरीच नाही. तो मधेच राहतो. कधी अख्खं गुणसूत्रच दोरी नीट न बसल्यामुळे मागे पडतं. राहिलेल्या मालाभोवती स्वतंत्र पटल तयार होतं आणि पेशीत छोटा तिसरा गोळा दिसू लागतो. तांबड्या पेशींतले असे ठिपके हॉवेल-जॉली कण म्हणून रक्ततज्ज्ञांना शंभराहून जास्त वर्षं माहीत आहेत.

अडचण अशी की रक्तातली लिम्फोसाइट ही पांढरी पेशी एरवी विभाजित होतच नाही. विभाजन नाही तर ठिपका नाही, मग आत कितीही मोडतोड झालेली असो. म्हणून तिला प्रयोगशाळेत डिवचावं लागतं. राजम्यातून काढलेलं फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन घातलं की टी-लिम्फोसाइट जाग्या होतात. मग दुसरा पेच: कुठली पेशी एकदा दुभंगली, कुठली तीनदा, हे कळणार कसं? त्यावर मायकेल फेनेच आणि अलेक मॉर्ली यांनी १९८५ मध्ये काढलेला तोडगा अजून चालतो. चव्वेचाळीसाव्या तासाला सायटोकॅलॅसिन-बी घालायचं. केंद्रक दुभंगतं पण पेशीचं पोट चिरलं जात नाही. दोन केंद्रकं एकाच पेशीत अडकतात. बहात्तराव्या तासाला पेशी काढायच्या, आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावात ठेवायच्या, स्लाइडवर टाकायच्या, गिम्सा रंग द्यायचा, आणि फक्त दोन केंद्रकांच्या पेशी मोजायच्या. त्या नेमक्या एकदाच दुभंगलेल्या असतात.

म्हणजे आम्ही मोजतो ते रक्तात तरंगणारे ठिपके नव्हेत. बहुतेक ठिपके त्या लिम्फोसाइटने आजवर निमूट वागवलेल्या मोडतोडीचे असतात, आम्ही तिला दुभंगायला लावल्यावर उघड झालेले. काही लिम्फोसाइट वर्षानुवर्षं जगतात. त्यामुळे हा आकडा कालच्या दिवसाचा नसतो; त्यात मागच्या अनेक महिन्यांचा, कधी वर्षांचा हिशेब असतो.

सगळ्यांना हवं असलेलं उत्तर

क्रमांक उघडले. सातवा नमुना खोलीतल्या सर्वांत जुन्या परिचारिकेचा निघाला. वय ५१, औषधं मिसळण्याचा अनुभव १४ वर्षांचा.

गोष्ट लगेच जुळली. त्या खोलीत सायक्लोफॉस्फामाइड हे कॅन्सरचं औषध रोज हाताळलं जातं. शरीरात यकृत त्याला सक्रिय करतं आणि मग ते डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी सांधून टाकतं. गाठीची पेशी मरते ती यानेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांत ठेवलं आहे. औषध मिसळणाऱ्यांच्या टेबलांवर, हातमोज्यांवर आणि कधी लघवीतही त्याचे अंश सापडल्याचे अहवाल आहेत. चौदा वर्षं, बिघडलेली हवा, सगळ्यात जास्त आकडा. आणखी काय हवं?

इतकं नीट बसलं की मला उलट खटकतं. तिच्याच शेजारी अकरा वर्षं तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याचा आकडा ९ होता. हवा तर दोघांनी एकच घेतली.

वय, लिंग आणि पन्नाशीतलं एक्स गुणसूत्र

प्रश्नावलीत पहिल्या दोन ओळी वय आणि लिंगाच्या असतात आणि लोक त्या उपचार म्हणून भरतात. खरं तर सगळ्यात जड ओळी त्याच. मायक्रोन्यूक्लियसच्या आंतरराष्ट्रीय ह्यूमन प्रकल्पाने २००१ मध्ये २५ प्रयोगशाळांमधल्या सुमारे ७००० लोकांचे आकडे एकत्र करून पाहिले. कुठल्याही विशेष संपर्कात न आलेल्या लोकांत हजारी मध्यक ६.५ होता, मधल्या निम्म्या लोकांचे आकडे ३ ते १२ मध्ये पसरलेले. दोन वगळता सगळ्या प्रयोगशाळांत वयाबरोबर आकडा चढत होता. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा १९ टक्के जास्त. आणि आमच्यासारख्यांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट: आकड्यांमधल्या फरकाला सर्वांत मोठा हातभार प्रयोगशाळांच्या आपापल्या पद्धतींचा होता. म्हणून एका लॅबचा ८ आणि दुसरीचा १२ शेजारी ठेवून बोलणं निरर्थक असतं.

बायकांचा आकडा जास्त का? बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक बंद करून गुंडाळून ठेवलेलं. वय वाढतं तसं हे बंद एक्स विभाजनाच्या वेळी मागे पडण्याचं प्रमाण वाढत जातं. पन्नाशीच्या बाईच्या ठिपक्यांत एक्स त्याच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतं. हे नुकसान म्हणावं की वयाचा खर्च, यावर वाद घालता येईल. पण त्यासाठी औषधांच्या खोलीत जावं लागत नाही.

आमच्याच लॅबमध्ये त्या वयोगटातल्या, नुकसानकारक संपर्क नसलेल्या बायकांचे आकडे साधारण ७ ते १४ असतात. म्हणजे २२ मधले दहा-बारा तर वय आणि लिंगाच्याच खाती गेले. उरलेल्या दहाचा हिशेब लावायचा होता.

सिगारेट ओढणारा आणि धावणारा

इथे जरा वाट वाकडी करतो, कारण याच गटात आणखी दोन नमुने असे होते की ते पाहिल्याशिवाय सातव्याचा अर्थ लागत नाही.

खोलीतला औषधनिर्माता दिवसाला पंधरा सिगारेटी ओढतो. वय ३८. त्याचा आकडा ६, खोलीतल्या सगळ्यांत जवळजवळ सगळ्यात कमी. अहवाल हातात आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे ओढली तरी चालते ना, सर?"

नाही चालत. पण त्याचा प्रश्न आम्हालाही पडलेला आहे. ह्यूमन प्रकल्पानेच २००३ मध्ये धूम्रपानाचा स्वतंत्र हिशेब केला. सरसकट पाहता ओढणाऱ्यांच्या लिम्फोसाइटमध्ये वाढ दिसलीच नाही. कामाच्या जागी दुसरा संपर्क नसलेल्या आणि दिवसाला ३० किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांतच ती दिसली. धुरात साठाहून जास्त कर्करोगकारक पदार्थ असताना असं का? एक कारण म्हणजे धुराचा पहिला तडाखा फुप्फुसाच्या अस्तराला बसतो, आम्ही बघतो ते रक्त. दुसरं कारण मोजणीतच आहे. फार मोडलेली पेशी एक तर मरते, नाही तर आम्ही डिवचूनही दुभंगत नाही. दोन्ही वेळा ती मोजणीतून सुटते. आणि काही नुकसान ठिपक्याच्या रूपात दिसतच नाही. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या रक्तपेशींतून वाय गुणसूत्र गळून जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हे २०१५ मध्ये पुढे आलं. जे पेशीतून कायमचं गेलं, ते गिम्साने रंगवणार कसं? कमी आकडा हा निर्दोष असल्याचा दाखला नव्हे, हे त्याला सांगितलं. पटलं असं वाटलं नाही.

दुसरा नमुना वॉर्डबॉयचा. त्याच्या ठिपक्यांत काही विशेष नव्हतं, पण कॉमेट तपासणीत तो सगळ्यांच्या वर गेला. कॉमेट म्हणजे धूमकेतू. पेशी ॲगरोजच्या, म्हणजे एका जेलीच्या थरात बसवायच्या, त्यांची पटलं विरघळवायची, अल्कलीत डीएनएचे धागे उलगडायचे आणि विजेच्या क्षेत्रात ठेवायचे. तुटलेला डीएनए बाहेर ओढला जातो आणि केंद्रकाला शेपूट फुटते. ही रीत स्वीडनमध्ये ऑस्टलिंग आणि योहानसन यांनी १९८४ मध्ये आणली. आज सर्रास वापरतात ती अल्कलीची आवृत्ती सिंग आणि सहकाऱ्यांची, १९८८ ची. ठिपका जुनी उधारी दाखवतो तर शेपूट आजचा खर्च. धाग्यांतल्या साध्या चिरा पेशी काही मिनिटांत ते काही तासांत सांधते, म्हणून शेपटीत दिसतं ते फार ताजं.

वॉर्डबॉयला विचारलं तर तो म्हणाला की रक्त देण्याच्या आदल्या दिवशी तो एकवीस किलोमीटर धावून आला होता. दमवून टाकणाऱ्या व्यायामानंतर शेपट्या लांबतात आणि काही दिवसांत परत आखडतात, हे माहीत असलेलं आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यांचं शरीर उलट यात तरबेज होतं. प्रश्नावलीत "व्यायाम करता का" असा प्रश्न होता आणि त्याने "हो" लिहिलं होतं. कधी, ते आम्ही विचारलंच नव्हतं.

सातव्या नमुन्याची शेपूट अगदी साधारण होती. दोन दिवसांची सुट्टी घेऊन ती सोमवारी सकाळी रक्त द्यायला आली होती, त्यामुळे ताजं काही दिसलं नाही यावरून फारसं सिद्ध होत नाही. पण एवढं कळलं की तिच्या बाबतीत प्रश्न जुन्या, साचलेल्या गोष्टीचा आहे.

"तो काय आजार आहे?"

तिच्या प्रश्नावलीत सगळीकडे "नाही" होतं. सिगारेट नाही, दारू नाही, गेल्या वर्षभरात एक्स-रे नाही, गंभीर आजारावर उपचार चालू नाहीत. एवढी स्वच्छ प्रश्नावली बघून मी तिला भेटायला बोलावलं.

"सिस्टर, कुठली रोजची गोळी घेता का?"

"नाही हो सर. ती शुगरची सोडली तर."

"फॉर्मवर लिहिली नाहीत?"

"तिथं गंभीर आजार विचारलंय. शुगर काय आजार आहे? नऊ वर्षं झाली, आता सवयीची आहे. मेटफॉर्मिन, सकाळ-संध्याकाळ. आणि उपाशीपोटी एक ॲसिडिटीची."

चूक तिची नव्हती. प्रश्न आम्ही लिहिला होता. "गंभीर" हा शब्द कुणाच्या डोक्यातून आला ते आता आठवत नाही, पण त्या एका विशेषणाने नऊ वर्षांची गोळी गाळून टाकली होती.

बोलता बोलता आणखी दोन गोष्टी निघाल्या. दोन वर्षांपूर्वी पोटाचं सीटी स्कॅन झालं होतं. फॉर्ममध्ये वर्षभराचंच विचारलं म्हणून तेही राहिलं. आणि रात्री पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. "दिवसभर उभं राहून होत असेल," असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

सीटीचा विचार आधी करून बाजूला ठेवला. पोटाच्या एका सीटीतून साधारण १० मिलिसीव्हर्ट मिळतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. ठिपक्यांच्या मोजणीत किरणोत्साराचा परिणाम एका व्यक्तीत खात्रीने ओळखायला २०० ते ३०० मिलिग्रे लागतात (क्ष-किरणांच्या बाबतीत मिलिग्रे आणि मिलिसीव्हर्ट इथे सारखेच धरा). तेव्हा सीटी हे उत्तर नव्हे.

मेटफॉर्मिनची गोष्ट वेगळी. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जीवनसत्त्व बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा आणतं, आणि जितकी वर्षं आणि मात्रा जास्त तितका हा परिणाम जास्त. ॲसिड कमी करणारी गोळी त्यात भर घालते, कारण अन्नातलं बी-१२ प्रथिनापासून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. तिच्या डॉक्टरांना कळवलं, तपासणी झाली. बी-१२ मिलिलिटरमागे १४० पिकोग्रॅम. २०० च्या खाली गेलं की सहसा कमी धरतात. बी-१२ कमी पडलं की रक्तात चढणारं होमोसिस्टीन लिटरमागे २७ मायक्रोमोल, जिथे १५ पर्यंत चालतं. हिमोग्लोबिन मात्र व्यवस्थित. म्हणून कुणाला संशय आला नव्हता.

आता हे गुणसूत्र कसं मोडतं ते बघा. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन बनवायला पेशीला फोलेट या दुसऱ्या बी-जीवनसत्त्वाकडून एक कार्बनचा तुकडा लागतो. बी-१२ नसलं तर फोलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडतं, असून नसल्यासारखं. थायमिनचा तुटवडा पडला की डीएनए लिहिताना त्या जागी युरॅसिल बसवलं जातं. दुरुस्ती करणारी एन्झाइमं ते ओळखतात आणि कापून काढतात. पण नवं थायमिन आहे कुठे? पुन्हा युरॅसिलच बसतं, पुन्हा कापलं जातं. दोन समोरासमोरच्या धाग्यांवर जवळजवळ असे काप एकाच वेळी पडले की दोन्ही धागे तुटतात. गुणसूत्राचा तुकडा पडतो. विभाजनाच्या वेळी त्याला दोरी नसते. आणि तीन दिवसांनी कुणीतरी भिंगातून बघून म्हणतं, "सातव्यात फारच सापडायला लागलेत." दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेनेच घर पाडावं, असा हा प्रकार.

दोघांच्याही खुणा सारख्याच

एवढं कळल्यावर प्रकरण मिटलं असं वाटेल. तसं झालं नाही.

जपून ठेवलेल्या पेशींच्या नव्या स्लाइड करून आम्ही सेंट्रोमियरला चिकटणारी चमकती खूण वापरली. पन्नास ठिपके तपासले. २८ मध्ये सेंट्रोमियर होता, म्हणजे तिथे अख्खं गुणसूत्र मागे पडलं होतं. त्यातले बरेच पन्नाशीच्या एक्सच्या खाती. २२ मध्ये नव्हता. हे तुकडे. हजारी २२ च्या प्रमाणात मांडलं तर साधारण १२ अख्खी गुणसूत्रं आणि १० तुकडे. वयाच्या हिशेबात न बसणारा भाग मुख्यतः या दहांत होता.

पण तुकडे सायक्लोफॉस्फामाइडही पाडतं आणि बी-१२ ची कमतरताही. तुकड्यावर कुणाची सही नसते. भिंगाखाली या दोघांना वेगळं करण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता. उरला एकच उपाय: एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. मेटफॉर्मिन चालूच राहिलं, ते बंद करण्याचं काही कारण नव्हतं. डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. सहा महिन्यांनी दुसरा नमुना घ्यायचं ठरलं.

आणि मग, अर्थातच, पुढच्याच महिन्यात रुग्णालयाने कपाट दुरुस्त केलं. नवे फिल्टर बसवले, बंद पद्धतीची सिरिंज आणली. कर्मचाऱ्यांसाठी उत्तम. आमच्या प्रयोगासाठी याहून वाईट वेळ नव्हती, कारण आता एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या होत्या.

म्हणून दुसऱ्या खेपेला एकटीचं नव्हे, खोलीतल्या दहाही जणांचं रक्त घेतलं. पहिल्या वेळच्या राखून ठेवलेल्या पेशी आणि नव्या पेशी नव्या क्रमांकांखाली एकत्र मिसळल्या आणि एकाच व्यक्तीने एकाच आठवड्यात मोजल्या. सहा महिन्यांत मोजणाऱ्याची नजर बदलते, हे कबूल करायला लोक लाजतात, पण बदलते. जुन्या पेशींचा आकडा पुन्हा ४४ च आला, हा थोडा नशिबाचाही भाग.

नव्या नमुन्यात २००० पेशींत २६. हजारी १३. बी-१२ ची पातळी ५६०, होमोसिस्टीन ११. बाकी नऊ जणांचे आकडे एखाद-दोनने वर किंवा खाली. गटाची सरासरी जागची हलली नाही. हवा सगळ्यांची सुधारली, आकडा एकीचा उतरला. बी-१२ च्या बाजूने हा सगळ्यात वजनदार पुरावा.

तरी पाय जमिनीवर असावेत. ४४ आणि २६ या मोजून काढलेल्या दुर्मिळ घटना आहेत. अशा मोजणीत योगायोगाची हालचाल साधारण वर्गमुळाएवढी असते. ४४ म्हणजे कमीजास्त ७, २६ म्हणजे कमीजास्त ५. दोन्हीतला फरक १८ आणि त्या फरकाची अनिश्चितता ८ च्या वर. फरक अनिश्चिततेच्या दुपटीहून जेमतेम जास्त. खरा असावा असं मला वाटतं, पण यावर पैज लावायची तर छोटीच लावीन.

आणखी एक गोष्ट मनात खुपते. पेशी वाढवायचं आमचं द्रावण, आरपीएमआय १६४०, त्यात फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच एक रूप, माणसाच्या रक्तापेक्षा जवळजवळ शंभर पट असतं, आणि बी-१२ पण असतं. उपाशी पेशीला आम्ही मोजण्याआधी तीन दिवस मेजवानी देतो. कमतरतेचा खरा परिणाम आमच्या आकड्यात कमीच उमटत असणार. हजारी २२ दिसलं, मग शरीरात काय चाललं असेल?

अहवालात काय लिहायचं

बैठकीत रुग्णालयाच्या बाजूने आलेले गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या औषधांचा दोष नाही, गोळ्यांचा आहे. तसं एका ओळीत लिहून द्या ना."

ही ओळ मी दिली नाही. वैयक्तिक घटक शोधायचे ते कामाच्या जागेचा हिशेब नीट लागावा म्हणून, ती जागा दोषमुक्त करावी म्हणून नव्हे. दहा माणसांच्या गटात छोटा परिणाम दिसतच नाही. नऊ जणांचा आकडा कार्यालयातल्या लोकांसारखा आला याचा अर्थ एवढाच की मोठी गडबड नव्हती. शिवाय ज्या पेशीकडे थायमिनचाच तुटवडा आहे तिला औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करायलाही तेच थायमिन लागतं. अशा माणसाला त्याच हवेचा त्रास शेजाऱ्यापेक्षा जास्त होणं अगदी शक्य आहे. "गोळी की औषध" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. अहवालात लिहिलं: वाढीचा मोठा भाग बी-१२ च्या कमतरतेशी सुसंगत, कामावरच्या संपर्काचा वाटा या तपासणीतून ठरवता येत नाही, कपाटाची देखभाल चालू ठेवावी.

तिने मात्र वेगळाच प्रश्न विचारला, आणि पहिल्याच भेटीत विचारला होता. "सर, मला कॅन्सर होणार का?"

२००७ मध्ये दहा देशांतल्या ६७१८ लोकांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे ठिपके कमी होते त्यांच्या तुलनेत मधल्या गटात कॅन्सरचं प्रमाण १.८४ पट आणि वरच्या गटात १.५३ पट. म्हणजे आकड्याला अर्थ आहे. पण वरच्या गटातला धोका मधल्या गटाहून कमी निघतो, यावरूनच दिसतं की ही शिडी सरळ नाही. गटाबद्दल बोलणारा आकडा एका बाईच्या पुढ्यात ठेवून भविष्य सांगायचं म्हणजे ज्योतिष झालं. तिला मी सांगितलं की हा आकडा निदान नाही. त्याने एक दुरुस्त होण्यासारखी गोष्ट दाखवली, ती दुरुस्त होते आहे, आणि तिच्या वयाला कॅन्सरच्या ज्या नेहमीच्या चाचण्या करायच्या त्या तिने या आकड्याकडे न बघता करायच्याच आहेत. तिने मान हलवली. मग म्हणाली, "मुंग्या कमी झाल्यात पण."

प्रश्नावली आम्ही बदलली. "गंभीर आजार" हा शब्द काढला. वर्षभराऐवजी पाच वर्षांतले सगळे स्कॅन, शेवटचा जोरदार व्यायाम कधी, शेवटचा ताप कधी, किती रात्रपाळ्या, असे प्रश्न आले. औषधांचा प्रश्न तर काढूनच टाकला. आता रक्त द्यायला येणाऱ्याला आदल्या दिवशी फोन जातो: घरात जेवढ्या गोळ्यांची पाकिटं उघडी आहेत तेवढी पिशवीत घालून आणा, आम्ही बघून लिहून घेतो. पहिल्याच आठवड्यात कार्यालयातल्या तुलनेच्या गटातले दहा जण परत बोलावले. त्यांतल्या तिघांच्या पिशवीतून मेटफॉर्मिन निघालं.